स्पिनिंग रॉडची पहिली कडी केवढी असावी? गाइडच्या मापांचं साधं गणित

(हे आमच्या भागाचं लिखित रूप. लोकलमध्ये उभं राहून, कानात काही न घालता वाचायचं असेल त्यांच्यासाठी. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय. या भागात आकडे बरेच आहेत, म्हणून मापांची यादी शेवटी एकत्र दिली आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवा.)

०० : ०० । एक गाठ, एक मासा

मागच्या भागात आपण ब्लँक म्हणजे रॉडची नुसती काठी कशी निवडायची ते बघितलं. त्यानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच: "दादा, गाइड कुठल्या साइझचे घेऊ?" आज फक्त तेवढंच. पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

मी पहिला रॉड स्वतः बांधला तेव्हा एक व्हिडिओ बघून भारावलो होतो. त्यात रॉडवर इवले इवले गाइड होते, एकदम हलके, दिसायला झकास. मला तेच हवे होते. मी आठ फुटी ब्लँक घेतला, त्यावर रीळाजवळची पहिली कडी १६ नंबरची आणि टोकाकडच्या सगळ्या ४ नंबरच्या लावल्या. रीळ मात्र होतं ४००० साइझचं. धागा बांधला, वरून एपॉक्सी लावलं, दोन दिवस वाळवलं. घरात सगळ्यांना दाखवून झालं.

मग गेलो रेवदंड्याला, कुंडलिकेच्या खाडीवर. पहिल्या फेकीतच टक-टक-टक-टक असा आवाज आला. लीडर आणि मुख्य दोरीची गाठ प्रत्येक कडीला आपटून जात होती. म्हटलं, असू दे, नवीन आहे. तासाभराने एक मासा लागला. जड होता. दोनदा त्याने ओढ घेतली, दोनदा मी त्याला जवळ आणला. गाठ टोकाच्या कडीतून आत, रॉडवर आली. तिसऱ्यांदा त्याने झेप घेतली तेव्हा तीच गाठ बाहेर जाताना टोकाच्या कडीत अडकली. एक झटका, आणि सगळं सैल.

जिताडा होता की तांबोशी, शेवटपर्यंत दिसलं नाही. सातशे रुपयांचा लुअर गेला त्याचं वाईट वाटलंच. पण तीन-तीन गळांचा लुअर तोंडात घेऊन तो मासा कुठेतरी फिरतोय, हे मला जास्त टोचलं. चूक माशाची नव्हती, दोरीची नव्हती, नशिबाचीही नव्हती. मी अडीच मिलिमीटरच्या भोकातून तीन मिलिमीटरची गाठ काढायला बघत होतो.

शेजारी एक काका बांबूच्या काठीने गरवत बसले होते. त्यांच्या काठीला एकही कडी नव्हती. टोकाला तंगूस बांधलेला आणि पिशवीत दोन मासे. मला म्हणाले, "तुझ्या काठीला दागिने लई आहेत रे बाबा, पण मापाचे नाहीत." मंडळी, आजचा सगळा विषय या एका वाक्यात आला.

०२ : ४० । दोरी सरळ येत नाही, वेटोळी घेत येते

आता मुळापासून. स्पिनिंग रीळ रॉडच्या खाली लटकतं. बेल उघडून फेकलं की स्पूल फिरत नाही, ती जागच्या जागी थांबलेली असते आणि दोरी तिच्या कडेवरून निसटत जाते.

ही कल्पना आली कुठून माहितीये? कापडाच्या गिरणीतून. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डकडच्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ या गिरणी चालवणाऱ्या माणसाने १९०५ साली अशा स्थिर स्पूलच्या रीळाचं पेटंट घेतलं. गिरणीत सूत बॉबिनच्या टोकाकडून ओढलं जातं आणि बॉबिन स्वतः फिरत नाही. त्याने तेच मासेमारीत आणलं. गिरणगावात ज्यांचे आजोबा साच्यावर उभे राहिलेत त्यांना हे चित्र लगेच डोळ्यासमोर येईल.

यातला फायदा असा की स्पूलला फिरवायची ताकद लागत नाही. त्यामुळे हलकं वजनसुद्धा लांब जातं आणि स्पूल जास्त फिरून दोरीचा गुंता होण्याची भानगडच उरत नाही. तोटा असा की दोरी सरळ रेषेत न येता वेटोळी घेत येते. स्पूलची कडा ५० मिलिमीटर व्यासाची असेल तर रीळातून निघताना वेटोळंही साधारण तेवढंच रुंद असतं, आणि असं एकामागून एक वेटोळं सुसाट सुटतं.

टोकाच्या कडीतून मात्र दोरी सरळ जायला हवी. म्हणजे ५० मिलिमीटरचा भोवरा चार-सव्वाचार फुटांत दोऱ्याएवढा बारीक करायचा, आणि तोही वेग न मारता. हे काम रॉडवरचे पहिले तीन-चार गाइड करतात. त्यांच्यापुढचे गाइड दोरी फक्त काठीजवळ सांभाळतात.

घरात तेल ओतायचं नरसाळं असतं ना, तसंच हे. वर रुंद, खाली निमुळतं. नरसाळ्याचं तोंड फार लहान असेल तर तेल बाहेर सांडतं. आपल्याकडे तेलाऐवजी दोरी असते. पहिली कडी फार लहान किंवा रीळाच्या फार जवळ असेल तर वेटोळी तिच्या तोंडाशी गोळा होतात, आपटतात आणि वेग खातात. तीच कडी फार मोठी असेल किंवा फार पुढे असेल तर वेटोळं आवरलंच जात नाही. दोरी काठीवर फटाफट आपटते आणि वर त्या कडीचं फुकटचं वजन.

०५ : १० । २५ नंबर म्हणजे नक्की काय?

दुकानात किंवा ऑनलाइन तुम्हाला ३०, २५, २०, १६, १२, १०, ८, ७, ६, ५.५ असे नंबर दिसतील. हा नंबर साधारणपणे कडीच्या बाहेरच्या व्यासाचा असतो, मिलिमीटरमध्ये. भोकाचा नव्हे! भोक त्याहून लहान असतं. किती लहान, ते आतल्या चकतीच्या जाडीवर ठरतं. स्वस्त, जाड सिरॅमिकची २५ नंबरची कडी आणि पातळ सिलिकॉन कार्बाइडची २५ नंबरची कडी यांच्या भोकांत सहज डोळ्याला दिसेल इतका फरक असतो.

मोठ्या कड्यांत हा फरक चालून जातो. लहान कड्यांत तो जीवघेणा ठरतो. ६ नंबरच्या कडीत जाड चकती बसवली की आत उरतं काय? म्हणून टोकाकडच्या कड्या घेताना नंबर बघायचा नाही, भोकाचं माप बघायचं. कॅटलॉगमध्ये आतला व्यास दिलेला असतो. दिला नसेल तर विक्रेत्याला विचारा.

दुसरी गोष्ट उंची. कडीचं केंद्र काठीपासून किती वर आहे, म्हणजे आपल्या रॉडवर किती खाली लटकतंय. एकाच २५ नंबरच्या कड्या उंच पायाच्याही मिळतात आणि बुटक्या पायाच्याही. जपानच्या फुजी कंपनीच्या गाइडवर नंबरापुढे एच, एम, एल अशी अक्षरं असतात, ती उंच, मध्यम आणि बुटका यासाठी. नवखे लोक व्यास बघतात आणि उंची विसरतात. खरं तर स्पिनिंग रॉडवर उंची व्यासाइतकीच महत्त्वाची आहे. का, ते आता बघू.

०७ : ०० । रीळ बोट दाखवतं, तिकडे बघा

रीळ रॉडला लावा आणि बाजूने नीट बघा. बहुतेक आधुनिक रीळांत स्पूल काठीला समांतर नसते, किंचित वर काठीच्या दिशेने तोंड करून असते. स्पूलच्या मधोमध जाणारी रेषा मनातल्या मनात पुढे वाढवत नेली तर ती कुठेतरी काठीला जाऊन भिडते.

ती जागा फार मोलाची. तिथे पोहोचेपर्यंत दोरीचं वेटोळं पूर्ण आवरलेलं असायला हवं. रॉड बांधणारे तिथे बसवायच्या कडीला चोकर म्हणतात. पण गळा आवळणारी म्हणून घाबरू नका! दोरीला शिस्त लावणारी म्हणा. फुजीने मांडलेल्या न्यू गाइड कॉन्सेप्ट या पद्धतीचा गाभा हाच आहे. रीळापासून या जागेपर्यंत कड्या उतरत्या, आणि तिथून टोकापर्यंत सगळ्या एकाच लहान मापाच्या.

ही जागा शोधायचा सोपा उपाय तुमच्या खिशात आहे. रॉड भिंतीला टेकवून आडवा ठेवा, आठ-दहा फूट लांब उभे राहा, झूम करून बरोबर बाजूने फोटो काढा. जवळून काढू नका, रेषा तिरक्या येतात. फोनमधल्याच एडिटरने स्पूलच्या मधून सरळ रेघ मारा. ती काठीला जिथे भिडते तिथे खूण.

आणि रेघ भिडलीच नाही तर? काही रीळांची स्पूल जवळजवळ समांतर असते. मग दुसरा हिशेब वापरायचा: स्पूलच्या पुढच्या कडेचा व्यास गुणिले २७. हा आकडा रॉड बांधणाऱ्यांमध्ये चांगलाच प्रचलित आहे. आपल्या ५० मिलिमीटरच्या स्पूलला ५० × २७ = १३५० मिलिमीटर, म्हणजे स्पूलच्या तोंडापासून साधारण साडेचार फुटांच्या थोडं अलीकडे.

दोन्ही पद्धतींनी उत्तर तंतोतंत सारखं येत नाही. दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरक पडला तर डोकं धरून बसू नका. ही सुरुवात आहे, शेवट नाही. शेवट मैदानात ठरतो, तिथे आपण येणारच आहोत.

०९ : २० । चला, एक रॉड खरंच मांडू

कोकणच्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडावर चालेल असा रॉड घेऊ. ८ फूट, म्हणजे २४४० मिलिमीटर. दोन तुकड्यांचा. लुअर १० ते ३० ग्रॅम. रीळ ४०००, स्पूलचा व्यास ५० मिलिमीटर. रीळ अशा जागी की स्पूलचं तोंड मुठीच्या मागच्या टोकापासून ४८० मिलिमीटरवर येतंय. पुढची सगळी मापं मी स्पूलच्या तोंडापासून सांगतोय, रॉडच्या बुडापासून नाही. हे लक्षात ठेवा, नाहीतर सगळा घोळ.

चोकर १३५० वर. तिथून टोक उरलं ६१० मिलिमीटर.

आता नरसाळं काढू. स्पूलशी तोंड ५० मिलिमीटर, चोकरशी ६. मधे सरळ उतार. पहिली कडी ५५० वर ठेवली तर तिथे नरसाळ्याची रुंदी येते ३२ च्या आसपास. दुसरी ८८० वर, तिथे २१. तिसरी ११४० वर, तिथे १३. आणि चौथी, म्हणजे आपली चोकर, १३५० वर, तिथे ६.

मग कड्या कुठल्या? बाजारात मिळणाऱ्या मापांतलं, नरसाळ्यापेक्षा जरासं लहान घ्यायचं: २५, १६, १० आणि ६. रॉड बांधणाऱ्यांचा एक जुना आडाखा आहे की पहिली कडी स्पूलच्या व्यासाच्या निम्मी. ५० चं निम्मं २५. आपलं गणितही तिथेच आलं. जुनी माणसं उगाच बोलत नाहीत.

उंचीही याच रेषेवर तपासायची. समजा स्पूलचा मध्य काठीपासून ६५ मिलिमीटर खाली आहे. चोकरशी तो जवळजवळ शून्य व्हायचाय. म्हणजे ५५० वर कडीचं केंद्र सुमारे ३८ मिलिमीटरवर असावं. तेवढी उंच कडी बघून घ्या. बुटकी लावली तर दोरी रीळातून निघून तिरकी वर चढते आणि कडीच्या एका बाजूला घासत राहते. घरी तपासायचं असेल तर स्पूलच्या मध्यापासून चोकरपर्यंत शिवणाचा दोरा ताणून बांधा आणि कड्या टेपने तात्पुरत्या चिकटवा. दोरा प्रत्येक कडीच्या साधारण मधून गेला पाहिजे.

अजून एक. दोन तुकड्यांच्या रॉडचा सांधा मधोमध असतो, आपल्या हिशेबाने ७४० वर. कडी सांध्यावर येता कामा नये. ५५० आणि ८८० दोन्ही सुरक्षित आहेत. तुमच्या रॉडवर कडी सांध्यावर येत असेल तर तिला दोन-तीन सेंटिमीटर पुढे-मागे सरकवा, काही बिघडत नाही.

१२ : १५ । उरलेले ६१० मिलिमीटर

चोकरनंतरच्या कड्यांना रनर म्हणतात. त्यांचं काम दोन गोष्टींचं: वाकलेल्या काठीबरोबर दोरी वळवत नेणं आणि माशाचा भार सगळ्या काठीवर वाटणं. आपल्याला ६१० मिलिमीटरमध्ये चार रनर आणि टोकाची कडी बसवायची आहे. अंतरं अशी: १५०, १३५, १२०, १०५ आणि शेवटचं टोकापर्यंत १००. बेरीज करून बघा, ६१०.

टोकाकडे अंतर कमी का? कारण काठी तिथे जास्त वाकते. जिथे वळण जास्त तिथे खांब जवळ, घाटातल्या कठड्यासारखं.

एकूण किती झाल्या? चार उतरत्या, चार रनर आणि एक टोकाची, म्हणजे नऊ. अंगठेबाज नियम असा आहे की रॉडची लांबी जितके फूट, त्यात एक मिळवायचा. आठ अधिक एक नऊ. इथेही जमलं.

आता प्रश्न येतो: रनर केवढे? इथेच मी आपटलो होतो, म्हणून नीट सांगतो. दोन बाजू आहेत.

एक बाजू हलकेपणाची. फेकताना रॉड हाताभोवती फिरतो, आणि फिरणाऱ्या वस्तूत वजन किती यापेक्षा ते किती लांब आहे याला जास्त किंमत असते, अंतराच्या वर्गाच्या पटीत. हातापासून २ मीटरवरचा १ ग्रॅम हा १ मीटरवरच्या ४ ग्रॅमइतका जाणवतो. म्हणून टोकाकडे हलक्या, एका पायाच्या, लहान कड्या लावल्या की काठी चटकन सरळ होते, थरथर कमी राहते आणि मासा नुसता शिवला तरी हाताला कळतं. व्हिडिओतला माणूस खोटं बोलत नव्हता.

दुसरी बाजू गाठीची. त्याचा लीडर बारीक होता, पाणी गोडं होतं. आपल्याकडे खाडीत दगड, कालवं, खारफुटीची मुळं. ३०-४० पौंडी लीडर लावल्याशिवाय भागत नाही. तो लीडर ब्रेडला, म्हणजे विणलेल्या दोरीला, खायच्या नव्हे, गाठ मारून जोडावा लागतो. ती गाठ प्रत्येक फेकीत सगळ्या कड्यांतून बाहेर जाते आणि प्रत्येक वेळी आत येते.

म्हणून नियम एकच, पाठ करा: रनरचं माप दोरी ठरवत नाही, गाठ ठरवते. विकत घ्यायच्या आधी तुमचा सगळ्यात जाड लीडर घ्या, तुम्ही नेहमी मारता तीच गाठ मारा आणि दुकानातल्या कडीतून हलक्या हाताने ओढा. दोन्ही दिशांनी. अडखळली तर एक नंबर वर जा. एफजी नॉट सडपातळ असते, ती जिथून निघते तिथून डबल युनी निघेलच असं नाही. माझ्या ४० पौंडी लीडरला मी आता ६ नंबरच्या खाली जात नाही. २० पौंडीला ५.५ चालतात. लीडरच लावत नसाल तर ५ सुद्धा घ्या, मजा करा.

टोकाची कडी रनरच्या मापाची किंवा एक नंबर मोठी घ्या, लहान कधीच नको. ती मागवताना दोन मापं द्यावी लागतात, कडीचं आणि नळीचं. नळी ब्लँकच्या टोकावर सैल नको, ठोकून बसवावी लागेल अशीही नको. आणि ती एपॉक्सीने नाही, गरम करून वितळणाऱ्या गोंदाने चिकटवा. उद्या तुटली तर गरम करून काढता येते.

१५ : ३० । तंगूस की ब्रेड?

एका श्रोत्याने विचारलंय, "मी अजून तंगूसच वापरतो, मलाही हेच माप का?" चांगला प्रश्न.

तंगूस म्हणजे मोनो नायलॉन. त्याला आठवण असते! स्पूलवर महिनाभर गुंडाळून ठेवला की स्प्रिंगसारखा गोल होतो आणि फेकतानाही गोलच राहायला बघतो. त्याला मोठं तोंड लागतं. जाड तंगूस वापरत असाल तर पहिली कडी २५ ऐवजी ३० घ्या, दुसरी १६ ऐवजी २०, तिसरी १० ऐवजी १२.

ब्रेड मऊ असते, तिची वेटोळी लवकर शांत होतात. तिला नरसाळं आखूड आणि उताराचं चालतं. फुजीची पुढची केआर पद्धत याच विचाराची: २०, १०, ५.५ अशा झपाट्याने लहान होणाऱ्या पण उंच पायाच्या कड्या. लहान रीळ, बारीक ब्रेड असेल तर ती सुंदर चालते. पण ब्रेडचा एक खोडसाळपणा आहे. वाऱ्यात तिची सैल वेटोळी कडीच्या पायाला गुंडाळली जातात आणि पुढच्या फेकीत लुअर तोडून जातात. म्हणून ब्रेडसाठी पुढे झुकलेल्या चौकटीच्या कड्या घ्या. अडकलेलं वेटोळं उतारावरून आपोआप घसरून सुटतं.

आणि ब्रेडसाठी कडीची चकती कडक हवी. मऊ चकतीत वाळू लागलेली ब्रेड चर पाडते. मग तोच चर ब्रेड कापतो. अॅल्युमिनिअम ऑक्साइड ठीक, सिलिकॉन कार्बाइड उत्तम. जुन्या रॉडची कडी तपासायची असेल तर कान साफ करायची कापसाची काडी आतून फिरवा. कापसाचे तंतू अडकले म्हणजे तडा किंवा खरखर आहे. ती कडी बदला. आणि समुद्रावरून आलात की रॉड गोड्या पाण्याने धुवाच, चौकट स्टीलची असली तरी. मिठापुढे तेही गंजतं.

१७ : ४५ । धागा बांधायच्या आधी मैदानात जा

मी पहिल्या रॉडला केलेली सगळ्यात मोठी चूक चुकीचं माप ही नव्हती. माप तपासायच्या आधी एपॉक्सी लावलं ही होती. कडी सरकवायला पाच मिनिटं लागतात. वाळलेलं एपॉक्सी खरवडायला रविवार जातो, आणि चाकू जरा घसरला तर ब्लँकही जातो.

म्हणून दोन परीक्षा घ्या.

पहिली, वाकण्याची. कड्या मास्किंग टेपने चिकटवा, दोरी ओवा, रॉडची मूठ कुणालातरी धरायला सांगा आणि दोरीच्या टोकाला अर्धा लिटर पाण्याची बाटली बांधा. म्हणजे झाला सुमारे अर्धा किलो भार. रॉड वाकेल. आता कड्यांमधली दोरी बघा. ती काठीच्या वळणासारखी हळूहळू वळत जायला हवी. एखाद्या कडीशी एकदम कोन दिसतोय? तिथे दोन कड्यांमधलं अंतर जास्त झालंय. कडी सरकवा, किंवा एक वाढवा. मग एक लिटरची बाटली बांधून परत बघा. रॉड अगदी उभा करून भार देऊ नका, सगळा ताण टोकावर येतो आणि टोक मोडतं.

दुसरी, फेकण्याची. मोकळं मैदान, समोर कुणी नाही, गळ काढून टाकलेलं २० ग्रॅमचं वजन. अर्ध्या ताकदीने दहा फेकी. टेपवर आहेत, पूर्ण जोर लावाल तर कड्याच उडतील! पावलांनी अंतर मोजा, फोनवर टिपा. सगळ्यात लांबची आणि सगळ्यात जवळची सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. मग फक्त पहिली कडी दोन सेंटिमीटर मागे घ्या, परत दहा. मग पुढे, परत दहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय कशामुळे झालं ते कळणार नाही.

मित्राला स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढायला सांगा. पहिल्या कडीच्या तोंडाशी दोरी गोळा होताना दिसली तर कडी पुढे सरकवा किंवा मोठी घ्या. कडीनंतर दोरी काठीवर आपटताना दिसली तर कडी मागे घ्या किंवा उंच घ्या. कानही उघडे ठेवा. चांगल्या मांडणीत नुसता सूं असा आवाज येतो. फटफट आली तर अजून काम बाकी आहे.

२० : १० । ही घ्या यादी

उदाहरण ८ फुटी रॉडचं, ५० मिलिमीटर स्पूलचं, ब्रेड आणि लीडरसाठी. अंतर स्पूलच्या तोंडापासून:

• पहिली कडी २५ नंबर, उंच पायाची: ५५० मिमी
• दुसरी १६ नंबर: ८८० मिमी
• तिसरी १० नंबर: ११४० मिमी
• चौथी, चोकर, ६ नंबर: १३५० मिमी
• रनर ६ नंबर, चार: १५००, १६३५, १७५५ आणि १८६० मिमी
• टोकाची कडी ६ किंवा ७ नंबर: १९६० मिमी

तुमची स्पूल वेगळी असेल तर हे आकडे उचलू नका, पद्धत उचला: स्पूल मोजा, २७ ने गुणा, चोकर ठरवा, नरसाळं काढा, उंची दोऱ्याने तपासा, रनर गाठीवरून घ्या, सांध्यावर कडी नको, टेपवर परीक्षा, मग धागा.

जाता जाता. तो पहिला रॉड मी फेकून दिला नाही. सगळ्या कड्या काढल्या, ब्लँक घासला, वरच्याच मापांनी परत बांधला. रेवदंड्याला परत गेलो तेव्हा फेकताना टकटक ऐकू आली नाही. त्या दिवशी मासाही लागला नाही, ते सोडा. बांबूवाले काका तिथेच होते. रॉड हातात घेतला, पहिल्या कडीतून बोट फिरवलं, टोकाकडे बघितलं आणि परत देत म्हणाले, "आता कसं, मापात."

पुढच्या भागात धागा कसा गुंडाळायचा आणि एपॉक्सीत बुडबुडे कसे येऊ द्यायचे नाहीत ते बघू. तोपर्यंत तुमच्या रीळाची स्पूल मोजा आणि तुमच्या रॉडची पहिली कडी तिच्या निम्मी आहे का ते आम्हाला कळवा. पावसाळ्यात ओल्या खडकांवर एकट्याने जाऊ नका. मासा परत मिळतो. भेटूच!